रोग दुर्मिळ, नफा अमाप

औषध महाग का, असे विचारताच संशोधनाच्या खर्चाकडे बोट दाखविण्याची औषध-भांडवलदारांची जुनी रीत आहे. अमेरिकेतील एका जेलच्या नळीने या युक्तिवादाचे पितळ उघडे पाडले.

क्यूटेनियस टी-सेल लिम्फोमा हा त्वचेत प्रकट होणारा दुर्मिळ कर्करोग. अन्य उपचार निष्फळ ठरलेल्या प्राथमिक अवस्थेतील रुग्णांसाठी बेक्सारोटिन हे रेटिनॉइड, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील औषध, जेलच्या रूपात तेथे २००० साली संमत झाले. २००९ साली त्याची साठ ग्रॅमची नळी किरकोळ बाजारात सुमारे १,६८७ डॉलरला मिळे. २०११ साली १,७८८ डॉलरला. २०१३ साली हक्क व्हॅलियंट कंपनीकडे गेले. २०१५ साली तीच नळी ३०,३२० डॉलरची झाली! औषध तेच, रोग तोच. बदलला तो मालक. मग या जवळजवळ अठरा पट किमतीत नवे संशोधन कोणते?

विमा कंपनी पैसे भरते, असे समर्थन केले जाते. परंतु विम्याची तिजोरी हप्ते भरणाऱ्यांच्याच घामाने भरते. आणि ज्याला विमाच नाही, त्याने काय करावे? रुग्ण थोडे, म्हणून त्यांचा आवाज क्षीण. रोग जिवावरचा, म्हणून नकार अशक्य. नफेखोरीला याहून सोयीचे गिऱ्हाईक कोठे मिळणार?

२०१८ साली कंपनीने आपले नाव बदलले. नाव बदलल्याने नीती बदलत नाही. औषधाची किंमत मक्तेदाराच्या मर्जीवर सोपविणारी व्यवस्थाच बदलावी लागेल. किमतीवर लोकांचे नियंत्रण, हाच त्यावरचा उपाय!