डब्याचे वजन

दुकानातला माल घटतो, वाढत नाही. गूळ पाझरतो, बेदाणे सुकतात, पोते उघडताना मूठभर तांदूळ सांडतो, आणि उंदीरही आपला हिस्सा उचलतो. वर्षअखेरीस ‘घट’ म्हणून काही रक्कम खर्ची टाकावी लागते, हे पेढीवर वाढलेल्या पोरालाही ठाऊक असते. म्हणूनच नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, तीन पिढ्या चालत आलेल्या किराणा व सुकामेव्याच्या दुकानात, नव्या सुनेने श्रावणात साठ्याचा मेळ घातला आणि काजू 18 किलो जास्त भरले, तेव्हा तिला प्रथम स्वतःच्याच गणिताचा संशय आला.

ती वाणिज्य शाखेची पदवीधर. रक्षाबंधनाची गर्दी ओसरल्यावर सासऱ्यांनीच तिच्याकडे हिशेब सोपवला होता. खरेदीची बिले तिने पुन्हा लावून पाहिली, विक्री पुन्हा मोजली. चार महिन्यांत काजूचे अर्ध्या किलोचे 360 डबे गेले होते, म्हणजे 180 किलो. प्रत्यक्षात साठ्यातून 162 किलोच कमी झाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कोणी नसताना तिने भेटवस्तूचा जाड पुठ्ठ्याचा एक रिकामा डबा काट्यावर ठेवला. काट्यावर आकडा उमटला : 50 ग्रॅम.

नोकर डबा काट्यावर ठेवून त्यात काजू ओतत असे आणि आकडा 500 झाला की थांबत असे. त्याला तसेच शिकवले होते. गिऱ्हाईक 450 ग्रॅम काजू आणि 50 ग्रॅम पुठ्ठा घरी नेत होते, दोन्ही काजूच्या भावाने.

या दुकानात एके काळी पितळी तागडी होती. सासऱ्यांचे वडील तिच्यावर तोलत. तागडीच्या एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजन. गिऱ्हाइकाने तेलासाठी किटली आणली किंवा तुपासाठी बरणी आणली, की वजनाच्या पारड्यात तेवढ्याच भाराचे भांडे किंवा दगड ठेवून ते आधी दोन्ही पारडी समतोल करीत आणि मगच तोलायला घेत. तागडी स्वतःच किंचित झुकत असेल तर पासंग बांधीत. इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा दुसरे पारडे गेले, आणि त्या पारड्याबरोबर समतोल करण्याचा तो क्षणही गेला. नव्या काट्यावर त्यासाठी एक बटण असते. रिकामे भांडे ठेवून ते दाबले की आकडा शून्यावर येतो. या दुकानात त्या बटणावर सहा वर्षांची धूळ होती. काटा मात्र खरा होता. वैधमापन खात्याची पडताळणी दरवर्षी होत होती. खोटे होते ते तोलणे.

त्या संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपल्यावर, सुनेने कागद सासऱ्यांपुढे ठेवला.

“बाबूजी, साठा जास्त भरतोय.”

“जास्त? मग चांगलेच आहे की,” ते हसले. मग त्यांनी कागद वाचला.

हे गृहस्थ अप्रामाणिक नव्हते, हे आधी सांगायला हवे. कंदमूळ त्यांच्या घरात येत नव्हते. पाणी उकळून पीत. पर्युषणात त्यांनी अठाईचा संकल्प केला होता. दुकानात मागे आचार्य आनंदऋषीजींची तसबीर होती आणि सकाळी कुलूप उघडल्यावर पहिला नमस्कार तिला होत असे. भेसळीचा माल त्यांनी कधी दारात येऊ दिला नाही. तरीही त्यांच्या तोंडून प्रथम जे निघाले ते बहुतेक दुकानांतून निघते : “बेटा, सगळेच असे तोलतात. आणि डबा फुकट येतो का?”

“डब्याला आठ रुपये पडतात, बाबूजी. आपण पन्नास घेतो.”

मुलाने मध्येच सांगितले, उद्यापासून बटण दाबू, विषय संपला. पण सुनेने कागद उलटला होता. वर्षाला सर्व सुकामेव्याचे मिळून चार हजारांच्या आसपास डबे, म्हणजे 200 किलो माल. मागील भाव कमी धरले तरी सहा वर्षांची रक्कम सात लाखांच्या घरात जात होती. सासऱ्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्या रात्री कोणीच पुढे बोलले नाही.

पुढच्या पंधरवड्यात पर्युषण आले. अठाई निर्विघ्न झाली. संवत्सरीच्या संध्याकाळी स्थानक भरून गेले होते. प्रतिक्रमणात श्रावकाच्या बारा व्रतांचे अतिचार एकेक करून येतात, आणि तिसऱ्या व्रताच्या पाच अतिचारांत एक ‘कूडतुल-कूडमाणे’ असतो, म्हणजे खोटा तोल आणि खोटे माप. या पाचांकडे नीट पाहिले तर ते चोराला उद्देशून नाहीतच. चोरीचा माल घेणे, चोराला साहाय्य करणे, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यापार करणे, खोटे तोलणे, चांगल्या मालात हलका मिसळणे किंवा चांगल्याच्या नावाने हलका विकणे. हे सारे दुकानदाराच्या बसायच्या जागेवरून घडते. शास्त्रकारांना बाजार पुरता ठाऊक होता. हा शब्द त्या गृहस्थांनी चाळीस वर्षे ऐकला होता आणि दरवर्षी मनात त्यांना एक दूरचा लबाड वाणी दिसला होता. या वर्षी त्यांना खिशातला कागद आठवला. अंगावर सामायिकाचे वस्त्र होते, खिसा नव्हता. तरीही हात तिकडे गेला.

दोषाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : मनात येणे हा अतिक्रम, त्या दिशेने निघणे हा व्यतिक्रम, अंशतः व्रत मोडणे हा अतिचार आणि पूर्ण मोडणे हा अनाचार. कळण्यापूर्वीची सहा वर्षे यांतल्या कोणत्या पायरीवर ठेवायची, हा विद्वानांचा प्रश्न आहे. श्रावणात कागद वाचल्यानंतरचे पंधरा दिवस कोणत्या पायरीवर, हा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. कारण त्या पंधरा दिवसांत बटण एकदाही दाबले गेले नव्हते. ‘उद्यापासून’ राहून गेले होते.

पारण्यानंतर ते चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या महासतीजींकडे गेले. सर्व सांगितले. मग आपला विचारही सांगितला : सात लाख रुपये जीवदयेला द्यावेत, किंवा स्थानकाच्या नव्या सभागृहाला द्यावेत, म्हणजे वडिलांच्या नावाची पाटी लागेल.

महासतीजींनी रकमेबद्दल काहीच म्हटले नाही. साधुजीवनात पैशाच्या व्यवहारात पडायचे नसते. त्यांनी फक्त गोचरीची गोष्ट सांगितली. साधूने घरोघरून आहार आणला आणि नंतर कळले की त्यातला अमुक आहार सदोष आहे, घेण्यास योग्य नव्हता, तर दहा प्रायश्चित्तांपैकी ‘विवेक’ नावाचे प्रायश्चित्त येते. तो आहार वेगळा काढून विधिपूर्वक परठवावा लागतो. स्वतः खाता येत नाही. “आणि दुसऱ्या साधूला वाढून त्याचे पुण्यही घेता येत नाही,” एवढे बोलून त्या स्वाध्यायाला बसल्या.

घरी येईपर्यंत वडिलांच्या नावाची पाटी त्यांच्या मनातून गळून पडली होती. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे 35 गुण सांगितले आहेत आणि त्यांत पहिला क्रमांक न्यायाने मिळवलेल्या वैभवाला दिला आहे. बारा व्रतांचे विवेचन त्यांच्यानंतर सुरू होते. आपल्या घरांत मात्र उपवासांची संख्या पत्रिकेवर छापली जाते आणि पहिला गुण छापण्याची पद्धत नाही.

त्या आठवड्यात दुकानात तीन गोष्टी झाल्या. काट्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे फिरले. रिकामा डबा ठेवून शून्य दाखवल्यावरच माल ओतायचा, असे नोकराला शिकवले गेले. आणि हिशेबात एक नवे खाते उघडले, ‘डबा खाते’. त्यात सात लाख जमा दाखवले. ती रक्कम दुकानाची नाही, असे समजायचे ठरले.

ज्यांची नावे बिलांवर होती अशी साठ-सत्तर घरे निघाली. त्यांच्या खात्यावर फरक जमा करायचे ठरताच मुलगा प्रथमच आवाज चढवून बोलला. “बाबूजी, लोक म्हणतील, सहा वर्षे लुटले आणि आता साधू झाले. शेजारच्या दुकानात आजही डब्यासकट तोलतात आणि त्याला कोणी विचारत नाही.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. सासरे म्हणाले, “म्हणू देत,” पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, हे घरातल्या सर्वांनी पाहिले.

बहुतेकांनी हसून घेतले. काहींना विषयच कळला नाही. फुकट काजू कशाबद्दल, असे विचारू लागले. एका बाईंनी डोळे पुसले, का ते सांगितले नाही. एक निवृत्त शिक्षक मात्र पैसे घेऊन उभेच राहिले. “शेठ, काजूचे कळले. तुरीच्या डाळीचे काय?” असे विचारून ते गेले आणि पुन्हा आले नाहीत. डाळीचा तोल नेहमीच बरोबर होता. ते सांगायला त्यांच्या घरी जावे, असे सासऱ्यांना दोनदा वाटले. दोन्ही वेळा ते कोपऱ्यापर्यंत जाऊन परतले. विश्वास मागायला जाण्याचा आपला हक्क उरला आहे की नाही, याचा त्यांना निश्चय होईना.

उरलेली गिऱ्हाइके वाटसरू होती. रस्त्यावरून जाणारी, राखीसाठी बहिणीकडे निघालेली, एस.टी. सुटायच्या आत डबा घेऊन पळणारी. त्यांना शोधणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी सुनेने एक मार्ग सुचवला : यापुढे सुट्या गिऱ्हाइकाला अर्ध्या किलोच्या डब्यात 510 ग्रॅम माल द्यायचा आणि वरचे दहा ग्रॅम डबा खात्यातून खर्ची टाकायचे. गिऱ्हाइकाला सांगायचे नाही. तिच्या हिशेबाने खाते संपायला तीस वर्षांहून अधिक लागणार होती. तेव्हा आपले वय किती असेल, हे सासऱ्यांनी विचारले नाही. तिच्या मुलाचे किती असेल, एवढे त्यांनी बोटांवर मोजले.

दिवाळी आली. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस, नव्या चोपड्यांचा दिवस. पहिल्या पानावर केशराने गौतमस्वामींचे नाव लिहिले गेले. दुसऱ्या पानावर दरवर्षी रोख शिल्लक येते. या वर्षी सासऱ्यांनी लेखणी सुनेच्या हाती दिली आणि तिने सावकाश लिहिले : डबा खाते, मागील पानावरून शिल्लक, रुपये सहा लाख एकवीस हजार.

बाहेर गिऱ्हाईक आले होते. नोकराने काट्यावर रिकामा डबा ठेवला आणि बटण दाबले.