मुरबे, पापलेट आणि मापाचा प्रश्न

१/ ऑगस्ट २०२१च्या अखेरीस मुरबे येथील एका बोटीला १५७ घोळ मासे मिळाले. त्यांना सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आल्याची बातमी देशभर गाजली. एका फेरीच्या भाग्याची अशी नोंद झाली; ज्या साखळीवर गाव वर्षभर जगते, तिचा हिशेब मात्र त्या बातमीत नव्हता.

२/ ती साखळी अशी. खाडीच्या एका तीरावर सातपाटी, दुसऱ्यावर मुरबे. बोटी बर्फ भरून समुद्रात जातात, पापलेट त्या बर्फात राखून परततात. पुढे सहकारी संस्था, व्यापारी, मुंबईचे बाजार किंवा निर्यातदार. खाडीत गाळ साचल्याने बोटींना आत येण्यासाठी भरतीची वाट पाहावी लागते. किनारा समोर दिसत असतो आणि बर्फ वितळत असतो.

३/ ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा शब्दप्रयोग १९८२ मध्ये कीथ ऑलिव्हर या सल्लागाराने प्रचारात आणला. १९९६ मध्ये ‘स्कोर’ ही मोजमापाची चौकट आली. साखळी विश्वासार्ह आहे काय, तत्पर आहे काय, बदल पेलते काय, खर्च किती आणि गुंतवलेली साधने किती कामास येतात, या तिच्या कसोट्या.

४/ सातपाटी परिसरातील मच्छीमार सहकार या परिभाषेहून जुना आहे आणि त्याचे स्वतःचे माप आहे. येथे पापलेटची वजनानुसार प्रतवारी होते : ‘सुपर’, एक नंबर, दोन नंबर आणि त्याखालील प्रती. प्रत्येक प्रतीचा दर वेगळा. वरवर हे केवळ भावपत्रक. परंतु ‘सुपर’चा वाटा घटून लहान प्रतींचा वाढू लागला, तर एकूण वजन तेच राहूनही समुद्र रिता होत असल्याची ती पूर्वसूचना ठरते.

५/ टनांचा आकडा नेमके हेच झाकतो. लहान पिल्ले ओढून आणली तर यंदाचे टन वाढतात आणि पुढील हंगाम बुडतो. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा घोषित केले. त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडीचा किमान आकार ठरवला. वजनाइतकेच आकारालाही महत्त्व आहे, हे शासनानेही मान्य केले.

६/ दुसरे माप नासाडीचे. लुधियानाच्या सिफेट संस्थेच्या २०१५च्या अहवालानुसार देशात सागरी मासळीची काढणीच्या वेळची व नंतरची हानी सुमारे साडेदहा टक्के. ही देशाची सरासरी आहे. भरतीसाठी खोळंबलेल्या बोटीत किती मासळीची प्रत उतरली, हे तीतून कळत नाही.

७/ आता दुसरी साखळी पाहावी. जागतिक बँकेचा लॉजिस्टिक्स निर्देशांक २००७ पासून निघतो. २०२३ मध्ये १३९ देशांत भारत ३८वा होता. त्यात सीमाशुल्क, पायाभूत सुविधा, मालाचा माग, वेळेवर पोच हे मोजले जाते. १९ जून २०२४ रोजी ७६,२२० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. मुरबे येथेही बंदराचा प्रस्ताव आहे.

८/ कंटेनर किती तासांत हलला, हे या नव्या साखळीत मिनिटांपर्यंत नोंदले जाईल. पापलेटची बोट किती तास खोळंबली, याची नोंद कोणी ठेवत नाही. मग एक साखळी सुधारताना दुसरी मोडली, तरी आकडे प्रगतीच दाखवतील.

९/ ‘विखुरलेल्या मासेमारीचे मोजमाप करणार कोण?’ हा आक्षेप वजनदार वाटतो, पण टिकत नाही. प्रतवारीच्या नोंदी संस्थांकडे असतातच. त्यांत तीन रकाने वाढवायचे : खोळंब्याचे तास, फेरीला लागलेला बर्फ आणि अंतिम विक्रीदरात मच्छीमाराचा वाटा. खर्च मत्स्यव्यवसाय विभागाने उचलावा. बंदराच्या अंदाजपत्रकापुढे तो नगण्य आहे.

१०/ हे काम बंदराच्या निर्णयाआधी व्हावे. बंदर हवे की नको, हा वाद स्वतंत्र आहे. परंतु आजची नोंद नसेल तर उद्याचे नुकसान सिद्ध होणार नाही, आणि सिद्ध न झालेल्या नुकसानीची भरपाईही मिळणार नाही. मुरबे येथील मच्छीमाराला आज पहिला आधार हवा तो या नोंदवहीचा.