सुताचा पांढरेपणा आणि सोलापूरचे पाणी

नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची सवय सोलापूरकरांना वर्षानुवर्षे जडलेली आहे. भीमेवरील उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले, त्याची साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे, आणि तरीही या शहराच्या घागरीचा प्रश्न सुटलेला नाही. उजनीच्या पाण्याच्या प्रतीविषयी बोलताना आपण पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्याकडे बोट दाखवितो. ती तक्रार खोटीही नाही. परंतु याच शहरात सूत पांढरे करून रंगविण्यासाठी किती पाणी खर्ची पडते, आणि वापरून झाल्यावर ते कोठे जाते, हा प्रश्न तेवढ्याच आवेशाने विचारला जात नाही. ते पाणी ओढ्यानाल्यांतून सीना-भीमेच्या वाटेने हत्तरसंग-कुडलच्या संगमाकडे आणि पुढे कर्नाटकात जाते. पुण्याच्या खालच्या अंगाला जसे आपण आहोत, तसे आपल्याही खालच्या अंगाला कोणीतरी राहतेच.

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे ज्या गिरण्यांच्या भोंग्यांवर शहराचे घड्याळ चालत असे, त्या एकामागून एक बंद पडल्या. परंतु सूत काही या शहराला सोडून गेले नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या हातमागांवरून ते यंत्रमागांवर आले. आज सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. चादरीवरचे मोर आणि फुले खुलतात ती रंगामुळे, आणि रंग बसतो तो आधी नीट धुऊन पांढऱ्या केलेल्या सुतावर. या पांढरेपणाचा हिशेब मात्र कोणत्याच मानांकनात मांडलेला नसतो.

कापसाचा तंतू हा बव्हंशी सेल्युलोज असतो. परंतु त्याच्या बाहेरच्या पापुद्र्यात मेण, प्रथिने आणि पेक्टिन यांचा थर असतो. हा थर असेपर्यंत सूत पाणी पीत नाही, मग रंग कोठून पिणार? म्हणून सुताच्या लडी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तासन्‌तास उकळावयाच्या, ही जुनी रीत. त्यानंतर विरंजन. शाळेच्या पुस्तकात भेटणाऱ्या विरंजक चूर्णाचा, म्हणजे ब्लिचिंग पावडरचा, काळ एकेकाळी होता. त्यातील क्लोरीन सेंद्रिय द्रव्यांशी संयोग पावून जी संयुगे बनवितो, त्यांतील काही दीर्घकाळ टिकणारी व विषारी असतात. पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड आले. त्याचे विघटन होऊन पाणी आणि प्राणवायू एवढेच उरतात. ही सुधारणा निःसंशय मोठी होती. पण सुतात शिल्लक राहिलेले पेरॉक्साइड रंगाला मारक ठरते, लडीवर रंग डागाळतो. म्हणून ते घालविण्यासाठी पुन्हा पाणी, पुन्हा धुलाई. शिवाय अल्कली काढून टाकण्यासाठीची धुलाई वेगळीच.

येथेच विकरांचा, ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो त्यांचा, प्रवेश होतो. सजीवांच्या पेशींत रासायनिक क्रिया घडवून आणणारी ही प्रथिने. कापड उद्योगाला ती अगदी नवखी नाहीत. विणलेल्या कापडावरची खळ उतरविण्यासाठी अमायलेजचा उपयोग गेल्या शतकाच्या आरंभापासून होत आला आहे. आता त्याच्या पुढची पायरी आहे. पेक्टिनवर काम करणारे विकर पन्नास-साठ अंश तापमानाच्या सौम्य द्रावणात तो चिवट थर सैल करते. कॉस्टिकची उकळी आणि तिचे इंधन वाचते. आणि विरंजनानंतर सुतात राहिलेले पेरॉक्साइड कॅटलेज नावाचे विकर बघताबघता फोडून टाकते. या विकराचा एक रेणू एका सेकंदात पेरॉक्साइडचे लक्षावधी रेणू फोडू शकतो. शरीरावरील जखमेवर पेरॉक्साइड टाकल्यावर जो फेस येतो, तो याच कॅटलेजचा प्रताप.

कागदाच्या धंद्याने हा मार्ग आधीच चोखाळला आहे. लाकडाच्या वा उसाच्या चिपाडाच्या लगद्यात रंगीत लिग्निन धरून ठेवण्यास झायलन नावाचे द्रव्य कारण होते. झायलनेज या विकराने ते सैल केले की नंतर लागणाऱ्या क्लोरीनयुक्त रसायनांत लक्षणीय बचत होते, हे १९८६ च्या सुमारास फिनलंडमधील संशोधकांनी दाखवून दिले. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चिपाडाच्या लगद्यावर असे प्रयोग झाले, त्यालाही आता तीन दशके होत आली. भारतातील मोठ्या कागद कारखान्यांवर क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्यांची मर्यादा २००३ च्या सनदेने घालून दिली. प्रयोगशाळा आणि नियम दोन्ही हजर असतील तर उद्योग हलतो, याचा हा दाखला. सोलापूरच्या सुताला झायलनेजचा उपयोग नाही, कारण कापसात झायलन नसल्यासारखेच. कुलूप वेगळे, म्हणून किल्लीही वेगळी. विचाराची पद्धत मात्र तीच.

थोडा हिशेब मांडून पाहू. सुताच्या एका किलोला एका धुलाईस दहा लिटर पाणी धरले, तर कॅटलेजमुळे दोन धुलाया वाचल्या की किलोमागे वीस लिटर वाचले. एक टन सुताला वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. ज्या शहरात गृहिणी पिंपातले पाणी पेल्याने मोजून खर्च करते, तेथे ही बचत क्षुल्लक म्हणता येणार नाही. आणि जे पाणी वापरलेच नाही, ते शुद्ध करण्याचा खर्चही उरत नाही.

मग ही किल्ली सर्रास का वापरली जात नाही? रंगाईवाला अनेकदा मजुरीवर काम करतो. सूत दुसऱ्याचे, पसंती-नापसंती दुसऱ्याची. छटा किंचित चुकली तर नुकसान त्याच्या माथी. कॉस्टिक उकळले की ते चुका पोटात घालते. विकर तसे करीत नाही. द्रावण अधिक तापले, त्याची आम्लता बिघडली, तर विकर निकामी होते. ते थंड जागी साठवावे लागते, आणि सोलापूरचा मे महिना पत्र्याच्या शेडखाली कसा असतो हे सांगावयास नको. शिवाय नुसत्या पेक्टिनच्या विकराने सरकीच्या सालीचे काळे ठिपके जात नाहीत. शुभ्र टॉवेलसाठी विरंजन राहतेच. गडद मरून किंवा गर्द निळ्या चादरीच्या सुताला मात्र इतक्या शुभ्रतेची गरज नसते, आणि तेथेही ती सवयीने केली जाते, असा प्रस्तुत लेखकाचा कयास आहे.

विकरे म्हणजे रामबाण नव्हेत, हेही येथेच सांगितले पाहिजे. रंग सुतावर बसावा म्हणून जे मीठ टाकतात, ते पाण्यात तसेच राहते. त्यावर कॅटलेजचा काही इलाज नाही. तमिळनाडूतील तिरुपूरने हा धडा महागात घेतला. तेथील नोय्यल नदी खारावली, शेतकरी न्यायालयात गेले, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने विरंजन व रंगाईचे सातशेहून अधिक कारखाने बंद झाले. त्यांत काम करणाऱ्यांना त्या दिवशी पर्यावरण म्हणजे काय हे समजले असेल. परंतु त्या समजुतीने चूल पेटत नव्हती. सोलापुरात रंगाईवर पोट असणारे अनेक आहेत, आणि न्यायालयाचा आदेश येईपर्यंत थांबण्याची चैन त्यांना परवडणारी नाही.

एकट्या रंगाईवाल्याने हे करावे अशी अपेक्षा अन्यायाची होईल. त्याला हवा आहे तो तापमान आणि आम्लता मोजण्याचा साधा सराव, विकर थंड ठेवण्याची सामायिक सोय, आणि आधी दुसऱ्याच्या खर्चाने झालेला एखादा प्रयोग. २००४ मध्ये स्थापन झालेल्या येथील विद्यापीठात रसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पाचे विषय शोधत असतात. एका कारखान्यातील एका लडीवर दोन्ही रीतींनी विरंजन करून पाणी, इंधन आणि छटा यांची मोजणी करावयास त्यांना काही कोटी रुपये लागणार नाहीत. टॉवेलचे उत्पादक आणि व्यापारी यांनी अशा दहा लडींचे नुकसान सोसण्याची हमी दिली, तर मे महिन्याच्या आत हा प्रयोग उभा राहू शकतो. ती हमी कोण देणार, हे अजून ठरावयाचे आहे.