मलब्याची राजरोस लूट

बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद! सीमेवरच्या यांपैकी कोणत्याही गावात जुने घर पाडायला काढा, पहिली कुदळ पडायच्या आत ट्रॅक्टरवाला दारात हजर होतो. ‘मामा, पाच ट्रॉल्यांत सगळं साफ करून देतो, तुम्ही फिकीर करू नका.’ भाव तोंडी. कागद नाही, माप नाही, पावती नाही. काम उरकेपर्यंत पाचाच्या नऊ ट्रॉल्या झालेल्या असतात. भरायची मजुरी वेगळी. जेसीबी एक तास चालला तरी पैसे दोन तासांचे, आणि तो आणण्या-नेण्याचे भाडे निराळे. गल्ली अरुंद म्हणून जादा. ट्रॉली भरेपर्यंत ट्रॅक्टर थांबला म्हणून जादा. टाकायच्या जागेवर ‘द्यावे लागतात’ म्हणून आणखी जादा. घरमालक हरकत घेतो तेव्हा अर्धा मलबा रस्त्यावर पसरलेला असतो, शेजारी भांडायला उठलेला असतो आणि गवंडी पायासाठी खोळंबलेला असतो. हा हिशेब नेमका त्याच वेळी पुढे येतो, कारण तेव्हा नाही म्हणायची ताकद त्या माणसात उरलेली नसते. याला आम्ही धंदा म्हणणार नाही. ही अडवणूक आहे, ही लूट आहे, आणि ती दिवसाढवळ्या चालली आहे!

आणि लुटला जातो तो कोण? आपल्या भागातली जुनी घरे दगड-मातीची, माळवदाची. हात-दीड हात रुंदीच्या भिंती आणि वर मातीचे थर. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिव उद्ध्वस्त केले, त्याचे हादरे बीदर-कलबुर्गीच्या भिंतींनीही सोसले. तेव्हापासून माळवदाखाली झोपायची भीती ज्याच्या मनात बसली, तो वर्षानुवर्षे पैसा जोडून ते घर उतरवतो आणि स्लॅबचे दोन खण उभे करतो. त्याच्या सिमेंटचा, सळईचा, वाळूचा हिशेब वहीत लिहिलेला असतो. मलब्याचा खर्च त्या वहीत नसतोच, कारण तो किती येईल हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ज्यांना ठाऊक आहे ते मुद्दाम सांगत नाहीत.

म्हणून आम्हीच सांगतो. वीस फूट लांब, दहा फूट उंच आणि दीड फूट जाडीची एक भिंत म्हणजे ३०० घनफूट, म्हणजेच तीन ब्रास. पण उभी भिंत आणि पाडलेली भिंत यांचे माप एक नसते. पाडली की माल मोकळा होतो, फुगतो. तीनशेचे सहज चारशे घनफूट होतात. हे प्रत्येक ट्रॉलीवाल्याला पाठ आहे. तरी अंदाज देताना तो उभ्या भिंतीचा देतो आणि पैसे मोजून घेताना मोकळ्या मालाचे घेतो. दुसरी फसवणूक ट्रॉलीच्या आकाराची. समजा, एकाने भाव सांगितला ट्रॉलीला ९०० रुपये आणि दुसऱ्याने ८००. आपला माणूस आठशेवाल्याला होकार देतो. पण पहिल्याची ट्रॉली दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दीड फूट खोल, म्हणजे ९० घनफूट. दुसऱ्याची आठ फूट लांब, पाच फूट रुंद, तितकीच खोल, म्हणजे अवघी ६०. चारशे घनफुटांना पहिल्याच्या पाच फेऱ्या, एकूण ४,५०० रुपये. दुसऱ्याच्या सात फेऱ्या, ५,६०० रुपये! स्वस्त म्हणून निवडलेला अकराशेने महाग पडला, आणि वरची जादा आकारणी अजून सुरूही झालेली नाही. आधी ट्रॉलीला टेप लावा, मग भाव विचारा. टेप लावू न देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

वैधमापन कायदा २००९ सालचा. मालाचा असो वा सेवेचा, भाव प्रमाणित मापाशिवाय सांगायला त्याच्या अकराव्या कलमाने बंदी आहे. ‘ट्रॉली’ हे कोणते प्रमाणित माप? बाजारात भाजीवालीचा तराजू तपासणारे निरीक्षक या ट्रॉल्यांपुढे आंधळे का होतात? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ने पावती नाकारणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे. मग मलब्याच्या धंद्यात पावती मागणारा माणूस वेडा कसा ठरतो?

पण घरमालकाच्या खिशातून गेलेले पैसे हा या लुटीचा लहान भाग आहे. मोठा भाग ट्रॉली गल्लीच्या वळणापलीकडे गेल्यावर घडतो. ज्याचा भाव सर्वांत कमी, त्याचा मलबा सर्वांत जवळच्या ओढ्यात पडतो. तळ्याच्या काठाला पडतो, पडक्या विहिरीत पडतो, शेजारच्या गावच्या गायरानात रात्री पडतो. त्या कमी भावाचा उरलेला हिस्सा पाण्याने भरायचा, पुढच्या पावसात तुंबलेल्या नाल्याशेजारच्या वस्तीने भरायचा! बीदरमध्ये तरी ही बेफिकिरी खपता कामा नये. बहामनी काळात या शहराने जांभ्या खडकाच्या पोटातून पाणी आणणारे कारेझ खोदले. नौबादची सुरंग बावी आजही त्याची साक्ष देते. तिच्यावरच्या हवेच्या विहिरी गाळाने, कचऱ्याने, बांधकामाने बुजत गेल्या आणि आपल्याच पिढीला त्या उपसायला माणसे लावावी लागली. पाचशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी छिन्नी-हातोड्याने जे मोकळे केले, ते आपण ट्रॉलीने बुजवायचे? ही लाज कोणी झाकू नये.

हे सारे ट्रॅक्टरवाल्याच्या माथी मारून नगरसभा, पुरसभा आणि पट्टण पंचायती नामानिराळ्या राहू पाहतील, तर आम्ही ते होऊ देणार नाही. ट्रॅक्टरवाला बहुतेक वेळा आपल्यातलाच शेतकरी आहे, बँकेच्या हप्त्याने वाकलेला. त्यांच्यातला प्रामाणिक माणूस योग्य भाव सांगतो, माल लांब नेऊन टाकतो, आणि म्हणूनच काम गमावतो. या बाजारात लबाडाला बक्षीस देण्याचे पाप प्रशासनाचे आहे. केंद्राने बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे नियम मार्च २०१६मध्ये जाहीर केले. मलबा गोळा करायला योग्य कंटेनर ठेवणे आणि ते भरले की उचलणे, स्वतःच्या साधनांनी किंवा ठेकेदार नेमून, हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य त्यांत स्पष्ट लिहिले होते. पाच लाखांखालच्या गावांनाही व्यवस्था उभी करायला छत्तीस महिन्यांची मुदत होती. ती २०१९मध्ये संपली. कलबुर्गीसारख्या महापालिकेची तर त्याआधीच. आता प्रत्येक मुख्याधिकाऱ्याने आणि प्रत्येक आयुक्ताने उत्तर द्यावे. तुमच्या गावात मलबा टाकायची जागा कोणती? कंटेनर कोणत्या चौकात ठेवला आहे? उचलण्याचा दर किती, आणि तो कोणत्या भिंतीवर लिहिला आहे? ज्यांनी काम केले असेल त्यांनी छातीठोकपणे फलक दाखवावा. आम्ही त्यांचे जाहीर अभिनंदन करू. ज्यांच्याकडे दाखवायला काही नाही, त्यांना घरपट्टी वसूल करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

२०२५ साली नवे नियम जाहीर झाले. त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. पुनर्वापराची मोठी जबाबदारी त्यांनी वीस हजार चौरस मीटर व त्यापुढच्या प्रकल्पांवर टाकली, ते योग्यच केले. पण भालकीच्या गल्लीतले दोन खणांचे घर त्या यादीत कधीच येणार नाही. त्याला गावच्या संस्थेचाच आधार, आणि तीच हात वर करणार असेल तर तो गरीब पुन्हा त्याच ट्रॉलीवाल्याच्या तोंडाकडे पाहणार.

घर पाडायला काढलेल्या प्रत्येकाला आमचे सांगणे आहे. तिघांकडून भाव घ्या आणि तो घनफुटाला घ्या, ट्रॉलीला नव्हे. भरणे, जेसीबीचे किमान तास, त्याची ने-आण, थांबण्याचे पैसे, टाकण्याची जागा, हे सर्व धरून एकूण रक्कम कागदावर लिहून सही घ्या. ‘याव्यतिरिक्त काही नाही’ ही ओळ शेवटी असू द्या. माल कुठे टाकणार ते जागेच्या नावासह लिहून घ्या. दगड आणि पांढरी माती आधी बाजूला काढा. जोत्याला, अंगणाला, बांधाला ती लागते, आणि तेवढ्या फेऱ्या वाचतात. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. फसवणूक झालीच तर जिल्हा ग्राहक आयोगात जा; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. आपल्याला कन्नड लिहिता येत नाही म्हणून कोणी गप्प बसू नये. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क संविधानाच्या ३५०व्या अनुच्छेदाने दिला आहे, आणि मराठी या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते.

आमची मागणी एका वाक्याची आहे. येत्या पावसाळ्याच्या आत सीमाभागातल्या प्रत्येक नगरसभेने, पुरसभेने आणि पट्टण पंचायतीने मलब्याची जागा ठरवावी, घनफुटाचा दर ठरवावा, आणि तो कन्नड, मराठी व उर्दूत कार्यालयाच्या दारावर रंगवावा!