एका पानाचा नियम

गेल्या वर्षी इथे शिरूर अनंतपाळला आम्ही घरामागे दोन खोल्या काढायला घेतल्या. कॉलमचा खड्डा खणताना गवंड्याची पहार थेट सांडपाण्याच्या पाइपात गेली. पाइप फुटला, खड्डा घाण पाण्याने भरला, दिवस वाया गेला. मास्तरकीचा स्वभाव काही जात नाही. चार माणसांसमोर मी त्याला बोललो, "नकाशा हातात दिलाय ना? बघून खणायचं!" त्याने घडी घातलेला कागद पुढे केला. "गुरुजी, ह्यात पाइप कुठं हाय?"

खरंच नव्हता.

संध्याकाळी पुतण्याने लॅपटॉप उघडला. तो घरांचे नकाशे काढतो. मूळ नकाशा काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणीतरी काढलेला, याने त्याचीच प्रत काढून दिली होती. "काका, हे बघा, पाइप आहे की!" पडद्यावर लख्ख दिसत होता. मग त्याच्या लक्षात आलं. ऑटोकॅडमध्ये 'डेफपॉइंट्स' नावाचा एक लेअर असतो. मापं टाकली की तो आपोआप तयार होतो. त्यावरचं पडद्यावर दिसतं, पण कागदावर छापलं जात नाही. मूळ काढणाऱ्याने पाइपाची रेघ नेमकी त्यावरच ओढलेली!

लेअर म्हणजे काय, ते मी त्या दिवशी समजून घेतलं. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, एकावर भिंती, एकावर दारं-खिडक्या, एकावर पाणी, एकावर वीज. हवा तो दाखवायचा, नको तो झाकायचा. सोय उत्तमच आहे. पण त्या फाइलीतली नावं काय होती? 'लेअर १', 'नवीन', 'नवीन २', 'टेम्प', 'फायनल'. नाव न घालता दिलेल्या उत्तरपत्रिकाच जणू!

आता आपला सातबारा बघा. गाव नमुना ७ म्हणजे जमिनीवरचे हक्क, १२ म्हणजे पिकांची नोंद, ८अ म्हणजे खातेदाराची एकूण जमीन. तलाठी बदलून जातो, नवा येतो, तरी त्याला शोधाशोध करावी लागत नाही. कुठली गोष्ट कुठे असणार, हे आधीच ठरलेलं आहे.

बांधकामाच्या नकाशातही हे नवं नाही. परवानगीच्या नकाशांत जुन्या काळापासून रंग ठरलेले आहेत. प्लॉटची हद्द जाड काळी, असलेला रस्ता हिरवा, नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं, सांडपाण्याची लाइन लाल तुटक, पिण्याच्या पाण्याची काळी तुटक. हाताने रंग भरणारा ड्राफ्ट्समन हे पाळत होता. यंत्र आलं आणि शिस्त मात्र ऐच्छिक झाली! अमेरिकेतल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने १९९० मध्येच लेअरच्या नावांचे नियम छापले. पहिलं अक्षर काम कुणाचं ते सांगतं, वास्तूचं, सांगाड्याचं, नळकामाचं की विजेचं, आणि पुढे वस्तूचं नाव. १९९८ मध्ये आयएसओ १३५६७ हे आंतरराष्ट्रीय मानकही आलं.

आपल्याकडेही संगणकाकडून नकाशे तपासून घेण्याची पद्धत आली आहे. तिथे ठरलेल्या लेअरवरच रेघा लागतात. पण पुतण्याच सांगतो, बरेच जण काम मनाला येईल तसं करतात आणि सादर करायच्या आदल्या रात्री लेअर बदलत बसतात. परीक्षेच्या आदल्या रात्री वही पूर्ण करणारी मुलं मी आयुष्यभर पाहिली. वही पूर्ण होते, अभ्यास होत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. तालुक्यातल्या छोट्या ऑफिसनेही एक पान लिहावं. पंधरा-वीस लेअर पुरेत. प्रत्येकाचं नाव, रंग, रेघेचा प्रकार आणि त्यावर काय येणार हे एका ओळीत. रंग लेअरचाच ठेवावा, रेघेला वेगळा देऊ नये. डेफपॉइंट्सवर काहीही काढू नये. हे सगळं टेम्प्लेट फाइलीत भरून ठेवावं, म्हणजे नवं काम तिथूनच सुरू होईल. आणि नवा लेअर घालायचा अधिकार एकालाच असावा.

पुतण्या म्हणाला, "काका, आम्ही तिघंच आहोत. कुणाचं काय आहे ते आम्हाला माहीत असतं." मी म्हटलं, "आज तिघं आहात. घर मात्र पन्नास वर्षं उभं राहणार. तेव्हा ही फाइल उघडणारा तुला फोन करून विचारणार आहे का?" तो गप्प बसला. आठ दिवसांनी पान लिहून त्याने भिंतीला चिकटवलं. अठरा लेअर झाले. सांडपाण्याचा त्यात पहिला!

नियम यंत्रासाठी नसतो, आपल्यामागून येणाऱ्या माणसासाठी असतो. ऑफिसातली चूक ऑफिसातच राहत नाही. ती पहार धरणाऱ्याच्या माथी येते, आणि बोलणीही तोच खातो.

त्या गवंड्याची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. तीही चार माणसांसमोरच.