भिंतीवरची रेघ

हेडलाइटमधला जुना बल्ब काढून एलईडी बसवायला सराईत हाताला अर्धा तासही लागत नाही. वायर कापायची गरज नाही. मागचा पंखा आत मावत नसेल तर रबरी बूट पात्याने थोडा कापला की झाले. मग गाडी दुकानाच्या शटरसमोर लावायची आणि गिऱ्हाइकाला उजेड दाखवायचा. हुशार कारागीर आधी एकाच बाजूचा बल्ब बदलतो. एकीकडे पिवळट जुना, एकीकडे पांढराशुभ्र नवा. सौदा तिथेच पक्का होतो. कुपवाड, सांगली, मिरज, कुठेही जा, चाचणी हीच.

या चाचणीत पाहायची गोष्ट मात्र कोणी पाहत नाही. जुन्या बल्बच्या उजेडाला शटरवर, भिंतीवर, वरच्या अंगाने एक रेघ असते. रेघेखाली उजेड, वर काळोख. ही रेघ उजवीकडे सपाट जाते आणि डावीकडे जरा वर चढते. ते उगाच नाही. आपण डाव्या बाजूने चालतो. डावीकडच्या कडेने जाणारा सायकलवाला दिसला पाहिजे आणि उजवीकडून समोर येणाऱ्याचे डोळे वाचले पाहिजेत. एच-फोर बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली इवलीशी धातूची वाटी असते. ही रेघ तीच पाडते. मागच्या रिफ्लेक्टरची वळणेही त्या फिलामेंटची नेमकी जागा धरूनच काढलेली असतात.

एलईडीत फिलामेंट नाही. एका पट्टीच्या दोन्ही अंगांना चिकटवलेल्या चिपा आहेत. त्या मिलिमीटरभर पुढेमागे असल्या, पट्टी जाड निघाली किंवा बल्ब खोबणीत किंचित तिरका बसला, की रेघ विस्कटते. उजेड तिच्या वर उसळतो. गिऱ्हाइकाला तोच जादा वाटतो आणि त्याचेच तो पैसे मोजतो. रस्ता जमिनीवर असतो. रेघेच्या वरचा उजेड रस्त्यावर पडतच नाही, तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

कायद्याला हे ठाऊक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 106 वा नियम वाचावा. दिव्यापासून आठ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला दिपवणारा दिवा वापरायचा नाही. इतका मोजूनमापून लिहिलेला नियम आपल्याकडे क्वचित सापडतो. तपासायला एक टेप आणि एक माणूस पुरे. दुचाकीवर बसलेल्याचे डोळे साधारण याच उंचीवर येतात. नियम लिहिणाऱ्याने समोरच्या माणसाला कागदावर नेमके उभे केले आहे. शटरसमोर मात्र त्या जागी कोणीच उभे राहत नाही. कारागीर आणि गिऱ्हाईक, दोघेही दिव्याच्या मागे.

कुपवाडात त्या जागी कोण असतो, हे सांगायला नको. एमआयडीसीची पाळी सुटली की सायकली आणि दुचाकींची रांग मिरज आणि माधवनगरच्या रस्त्यांना लागते. हेल्मेटच्या काचेवर ओरखडे असतात, आणि समोरचा झोत प्रत्येक ओरखड्यात फुटतो. झोत निघून गेल्यावर काही क्षण पुढचे काहीच दिसत नाही. हंगामात त्याच काही क्षणांत रस्त्यावर उसाची ट्रॉली असू शकते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, कडेने लोंबणारे वाडे तेवढे. अपघात झाला की पंचनाम्यात ट्रॉली येते, दुचाकीस्वाराचा वेग येतो. शंभर मीटर मागे गेलेल्या मोटारीचा दिवा कशाला येईल?

मूळ दिवा मिणमिणता आहे, ही मोटारवाल्यांची तक्रार खोटी नाही. स्वस्त गाड्यांत कंपन्यांनी दिव्यात काटकसर केली आहे. पण अनेकदा दोष बल्बचा नसतो. काच उन्हाने पिवळी पडलेली असते, नाहीतर जुन्या वायरिंगमुळे बल्बपर्यंत पुरता दाब पोहोचत नाही. काच पॉलिश करून घ्या, रिले बसवा, दोन्ही बल्ब जोडीने बदला. उजेड वाढतो आणि रेघही राहते. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ दिव्याचा झोत वरखाली करायचे छोटे चाक असते. मागे चार माणसे आणि डिकीत सामान असताना ते फिरवायचे असते, हे गाडी विकतानासुद्धा कोणी सांगत नाही. या कामांत दुकानदाराला फारसे सुटत नाही. एलईडीत सुटते.

एलईडीशी वैर असण्याचे कारण नाही. ज्या गाडीत तो कारखान्यातूनच येतो, तिथे रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्याच्यासाठीच घडवलेली असते. जर्मनीत 2020 च्या ऑक्टोबरमध्ये ऑसरामच्या बदली एलईडीला पहिल्यांदा रस्त्यावर परवानगी मिळाली, तीही सरसकट नाही. गाडीच्या मॉडेलगणिक दिवा तपासला, यादी केली. यादीबाहेरच्या गाडीत तोच बल्ब बेकायदा. प्रश्न बल्बचा नाही, बल्ब आणि दिव्याच्या जोडीचा आहे, हे तिथे ओळखले गेले. आपल्याकडे एकच एच-फोर एलईडी अल्टोतही बसतो आणि बोलेरोतही. बसला म्हणजे चालला. खोक्यावर पाच आकडी ल्युमेन छापलेले असतात. मूळ हॅलोजनचा डिपर हजार ल्युमेनच्या आसपास असतो. काही खोक्यांवर अगदी बारीक अक्षरांत 'सार्वजनिक रस्त्याबाहेरच्या वापरासाठी' असेही लिहिलेले असते. ते वाचायला भिंग लागते.

काळ्या काचा आणि फॅन्सी नंबरप्लेट पोलिसांच्या नजरेत भरतात, कारण त्या दिवसा दिसतात. खासगी मोटार नोंदणीनंतर पंधरा वर्षे आरटीओच्या तपासणीला जात नाही. पीयूसीसाठी ती ठरल्या मुदतीने उभी राहते, पण तिथे धूर पाहतात, दिवा नाही. म्हणजे आज बसवलेला एलईडी गाडी म्हातारी होईपर्यंत कोणाच्या डोळ्यांत येणार नाही, समोरच्याचे सोडून.

कायदा नवा करायला नको. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये नव्याने लिहिलेल्या 182-अ कलमात मालकाने केलेल्या बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. वाहतूक पोलिसांनी टेप घेऊन कुपवाड-मिरज रस्त्यावर रात्री उभे राहावे, आणि उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत उभे राहावे.