परवान्याची तारीख बघता, नळी कोण बघणार?

आचारसंहिता लागली की कोकणातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात जा, गोणपाटात गुंडाळलेल्या बंदुका जमा करायला आलेले शेतकरी दिसतील. हवालदार परवाना बघतो, बंदुकीवरचा नंबर जुळवतो, पावती फाडतो. निवडणूक संपली की बंदूक परत. दर पाच वर्षांनी नूतनीकरण येतं तेव्हाही हेच: चलन, फोटो, पोलिसांचा अहवाल, सही, शिक्का. या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. ही बंदूक अजून उडवण्यालायक आहे का? आणि तिच्यात काडतूस कुठलं घालता?

प्रश्न किरकोळ वाटेल, पण तसा नाही. आपल्याकडे घराघरांत असलेल्या बारा बोरच्या बंदुकांपैकी कितीतरी आजोबा-पणजोबांच्या काळातल्या आहेत. काही बर्मिंगहॅमच्या, काही बेल्जियमच्या. बंदूक वारसाने आली, परवाना नावावर झाला, पण बंदुकीची माहिती वारसाने आली नाही. काडतूस मात्र आजच्या काळातलं, दुकानदार देईल ते.

आता जरा तांत्रिक बोलतो, कंटाळू नका. बारा बोरच्या जुन्या दुनळी बंदुकांचा चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बहुधा अडीच इंची असते. आजची बरीचशी काडतुसं पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरची. तुम्ही म्हणाल, लांब काडतूस आखूड जागेत बसणारच नाही. गंमत इथेच आहे, ते आरामात बसतं. कारण काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यानंतरची, तोंडाची घडी उलगडल्यावरची. न उडवलेलं ७० चं काडतूस घडी घातल्यामुळे आखूड असतं. बार उडाला की ती घडी चेंबरच्या पुढच्या अरुंद भागात उघडते, छर्‍यांची वाट आवळते आणि आतला दाब वाढतो. शंभर वर्षांच्या नळीला तो झेपेलच असं नाही. म्हणजे "बसलं म्हणजे चाललं" हा आपला नियमच धोक्याचा आहे.

दुसरी गोष्ट दारूची. जुन्या काळी काळी दारू होती. नंतर बिनधुराची आली, तिचा दाब वेगळ्या तर्‍हेने चढतो. म्हणून इंग्लंडमध्ये १८९६ च्या नियमांनंतर बिनधुराच्या दारूवर तपासलेल्या नळ्यांना वेगळा 'नायट्रो' ठसा मिळू लागला. नळीच्या पोटाला, चेंबरच्या खाली, बारीक मुकुट आणि अक्षरं कोरलेली असतात ती नक्षी नाही, ते तपासणीचे ठसे आहेत. १९५४ नंतरच्या ठशांत तर चेंबरची लांबी आणि दर चौरस इंचाला किती टन दाब हेही असतं. (हा टनांचा आकडा आजच्या डब्यावरच्या 'बार'शी थेट ताडून बघू नका, मोजायची पद्धतच वेगळी होती.) नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून जोडलेली नळी असू शकते. तिला आपण 'दमास्कस' म्हणतो. तिच्या जोडांत आतून गंज शिरला तर वरून चकचकीत दिसूनही ती कमजोर असते. कोकणच्या पावसाळी हवेत गंजाबद्दल मी वेगळं काय सांगणार!

इंग्लंडचं उदाहरण मुद्दाम देतोय. तिथे १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेजंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम असतो. (आपल्याकडे त्याच कुळातल्या रानकोंबड्याला नाहीतर मोराला हात लावलात तर तुरुंग आहे, आणि तो असायलाच हवा.) तिथले हौशी शिकारी आजही शंभर वर्षांच्या बंदुका वापरतात, पण त्यांच्यासाठी कमी दाबाची, अडीच इंची काडतुसं वेगळी बनतात आणि दुकानात मागितली की मिळतात. बर्मिंगहॅमचं तपासणीघर १८१३ पासून चालू आहे. नळी झिजून मर्यादेबाहेर गेलेली बंदूक विकणं तिथे १८६८ च्या कायद्याने गुन्हा आहे. थोडक्यात, श्रीमंतांच्या शौकासाठी एवढी काळजी. तसलीच बंदूक आपल्याकडे भात, काजू, नारळ राखायला वापरली जाते, आणि तिच्याकडे बघायला कुणी नाही.

मध्यंतरी एका गावात बातमीसाठी गेलो होतो. रानडुकरांनी भाताचं शेत नांगरल्यासारखं केलेलं. घरातल्या काकांनी भिंतीवरची दुनळी काढून दाखवली. काडतुसं होती सत्तरची, आणि नळीच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. विचारलं, कधी तपासून घेतली का? म्हणाले, "आजोबापासून आसा, एकदाय दगो देवक नाय." यावर वाद कसा घालणार? पण नळी दगा देते ती एकदाच. त्या मातीच्या गोळ्यासकट बार निघाला असता तर नळी फुटायला काडतूस जुनं-नवं बघायची गरज नव्हती. आणि डावा हात नेमका नळीखाली असतो.

काहीजण म्हणतात, कमी दाबाचं काडतूस म्हणजे फुसका बार. तसं नाही. दारू सावकाश जळणारी असेल तर छर्‍यांना तेवढाच वेग मिळतो, फक्त दाबाचा झटका कमी बसतो. उलट खांद्याला धक्का कमी बसला म्हणून दाब कमी, हाही गैरसमज आहे. धक्का छर्‍यांच्या वजनावर आणि वेगावर ठरतो, दाब दारूच्या जळण्यावर. म्हणून अंदाजाने ठरवायचं नाही, डब्यावर काय लिहिलंय ते बघायचं. डुकरासाठी म्हणून दुकानदार जड बार पुढे करतो, पण जुन्या नळीसाठी तीच सगळ्यात वाईट निवड असू शकते.

आणि हे सगळं कायद्याच्या चौकटीत. पिकाची नासाडी झाली तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय डुकरावर बार टाकता येत नाही. पण सरकार एका हाताने परवानगी देतं आणि दुसर्‍या हाताने बंदुकीची अवस्था बघायचं टाळतं, हे बरोबर नाही.

"अपघात होतात तरी किती?" असं एक अधिकारी मला म्हणाले. माझा उलटा सवाल आहे: एसटीला फिटनेस लागतो, रिक्षाला लागतो, मग दारू पेटवून चालणार्‍या शंभर वर्षांच्या यंत्राला का नको?

मात्र माणसं बंदूक तपासायला का नेत नाहीत, याचं खरं कारण समजून घ्या. भीती आहे. नळी बाद ठरली तर परवानाही जाईल, आणि एकदा गेलेला परवाना परत मिळवायचा म्हणजे जिल्ह्याला किती खेपा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून नुसती सक्ती केली तर लोक आणखी लपवतील. भीती काढून मग तपासणी, असा क्रम हवा.

माझ्या मागण्या चार:

१. नूतनीकरणाच्या वेळी तालुक्याला शिबिर घ्या. परवानाधारक कारागिराकडून नळी, चेंबर, घोडे, कुलूप तपासून एका पानाचा दाखला द्या, मोफत.

२. चेंबरची लांबी परवान्यावर लिहा. दुकानदाराने ती बघूनच काडतूस द्यावं.

३. काडतुसं बनवणारा खडकीचा सरकारी कारखाना आपल्याच राज्यात आहे. अडीच इंची, हलकी काडतुसं तालुक्याच्या दुकानात कायम मिळतील अशी व्यवस्था पालकमंत्र्यांनी करून घ्यावी. डब्यावर लांबी आणि दाब मराठीत छापा.

४. बंदूक बाद झाली तरी परवाना शाबूत राहील आणि त्यावर दुसरी घेता येईल, असं जिल्हाधिकार्‍यांनी लेखी जाहीर करावं.

हे होईल तेव्हा होईल. तोवर घरात जुनी बंदूक असेल तर एवढं करा. ठसे आणि चेंबर जाणकाराला दाखवल्याशिवाय नवं काडतूस घालू नका. दरवेळी बंदूक मोडून, रिकामी करून, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. वीस बोरचं काडतूस बाराच्या डब्यात चुकूनही ठेवू नका, ते बाराच्या नळीत आत सरकून अडकतं आणि मागून दुसरं भरलं की संपलं. ठासणीच्या बंदुकीत काडतूस फोडून त्यातली दारू तर कधीच ओतू नका. आणि शंका असेल तर ती बंदूक भिंतीवरच शोभते.

पीक पुढच्या वर्षी परत येतं. बोटं येत नाहीत.

पटलं तर ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांच्यापर्यंत पोचवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहेच.